ओळख कुणाची, काम कुणाला?

(काम शोधणाऱ्या महिलांसाठी पुण्यात घेतलेल्या एकदिवसीय शिबिरातलं सकाळचं भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

शिबिराच्या पत्रकावर माझ्या भाषणाचा विषय 'सोशल मीडिया आणि रोजगार' असा छापला आहे. तो वाचून काहीजणींना वाटलं असेल, आता ही बाई इथे बोट दाबा, तिथे बोट दाबा असं शिकवणार. ते दुपारी आहे, आणि ते मी शिकवणार नाही. आपल्या दोन तरुण कार्यकर्त्या शिकवतील, त्यांना ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं जमतं. मी बोलणार आहे ते ओळखीबद्दल.

सकाळी चहाच्या वेळी मी तुम्हाला एकच प्रश्न विचारत फिरत होते. तुमचं पहिलं काम तुम्हाला कसं मिळालं? एक म्हणाली, मामांनी लावून दिलं. एक म्हणाली, शेजारच्या काकू जिथे पोळ्या करायच्या त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बाई हवी होती. एक बालवाडीत शिकवायची, तिला शाळेतल्या सरांनी चिठ्ठी दिली होती. एक इंजिनिअर आहे, तिला मैत्रिणीच्या नवऱ्यानं त्याच्या कंपनीत नाव सुचवलं. चाळीसजणींत जाहिरात वाचून, अर्ज करून काम मिळालेल्या निघाल्या दोन. त्यांतली एक आता निवृत्त होऊन आपल्या नोंदणीच्या टेबलावर बसली आहे.

माझ्या वयाच्या बायकांना एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आठवत असेल. रांगेत उभं राहून ते काढायचं, मुदत संपली की पुन्हा शिक्का मारून आणायचा, आणि ते ट्रंकेत जपून ठेवायचं. १९५९ च्या कायद्यानं मालकांना रिकाम्या जागा त्या कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं. कळवणं बंधनकारक, तिथूनच माणूस घेणं नव्हे. मधल्या फटीतून जे आत गेलं त्याला आपल्याकडे 'वशिला' म्हणतात. पुरुषाचा असला की 'संपर्क' म्हणतात.

ही गोष्ट आजची नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत माणूस भरला जायचा तो जॉबरच्या हातून. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यागोत्याचा, आपल्या जातीचा माणूस आणायचा. विणकामाच्या खात्यात दलितांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्याचा सवर्णांना विटाळ व्हायचा. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका काम करायच्या, त्यांच्यावर नायकीण असायची. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं हे तिच्या मर्जीवर, आणि ती मर्जी राखायला हप्ता द्यावा लागे. म्हणजे ओळखीनं काम मिळतं तेव्हा कुणाला तरी ओळखीअभावी ते नाकारलेलंही असतं. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण आज तुम्ही इथून ओळखी वाढवायला शिकून जाणार आहात आणि उद्या तुमच्यातलीच एखादी नायकीण होणार आहे.

आता जरा अमेरिकेत जाऊन येऊ. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावात, नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना विचारलं, तुम्हाला ही नोकरी कशी कळली? निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं, ओळखीतून. इथवर आपल्यालाही माहीत होतं. पण त्यानं पुढचा प्रश्न विचारला. ज्यानं सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटतो? वारंवार भेटणारे निघाले १०० मध्ये १७ हून कमी. अधूनमधून भेटणारे ५५ हून अधिक, आणि वर्षात एखादवेळी भेटणारे सुमारे २८. म्हणजे जिवलग मित्रानं नव्हे, तर जुन्या कचेरीतल्या, कधीतरी रस्त्यात दिसणाऱ्या माणसानं नोकरी सांगितली. कारण सोपं आहे. जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. नवी बातमी लांबून येते. १९७३ साली त्यानं हे मांडलं आणि पुढे जगभर गाजलं.

गंमत अशी, की त्यानं ज्यांना विचारलं ते सगळे पुरुष होते.

बायकांना विचारलं असतं तर काय निघालं असतं? आपल्यापुरतं मी सांगू शकते. आपली जवळची नाती घट्ट असतात; बहीण, जाऊ, शेजारीण, मुलांच्या शाळेतल्या आया. तुटलेली असते ती लांबची ओळख. ती आपोआप तुटत नाही, लग्नात तोडली जाते. गाव बदलतं, आडनाव बदलतं. आपल्यातल्या कितीजणींचं पहिलं नावसुद्धा तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून बदललं गेलं! वर्गातल्या मुलाशी बोलायचं नाही, जुन्या कचेरीतल्या साहेबांना फोन करायचा नाही, कारण 'आता बरं दिसत नाही'. पुरुषाच्या ओळखी तिशीत वाढतात, चाळिशीत त्यांवर तो काम मिळवतो. बाई चाळिशीत काम शोधायला निघते तेव्हा तिच्या वहीत असलेले नंबर सासरचे असतात. आणि मग आपण तिला सांगतो, तुझ्यात आत्मविश्वास कमी आहे, व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गाला जा.

पुरुषांच्या ओळखी आपल्या उपयोगी पडतील म्हणावं, तर आफ्रिकेतल्या मलावी देशात काही संशोधकांनी तेही तपासलं. कामाला योग्य माणूस सुचवा असं सांगितलं, तर पुरुषांनी बहुतेक पुरुषच सुचवले. बाईच सुचवा असं सांगितल्यावर मात्र त्यांना लायक बायका सापडल्या. म्हणजे माहीत होत्या, आठवल्या नव्हत्या.

या ठिकाणी फोन कामाला येतो. मी स्वतः या सगळ्याकडे बरीच वर्षं नाक मुरडून पाहत होते. भिंतींवर पोस्टरं चिकटवून आणि कोपरासभा घेऊन वाढलेल्या बाया आम्ही, आम्हाला वाटायचं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. मग २०२० साली टाळेबंदीत मी चौदा वर्षं काम करत होते तो प्रकल्प बंद झाला. एका पत्रानं. वय बावन्न. सहा महिने मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी कचेऱ्यांत जाऊन भांडणारी मी, 'मला काम हवं आहे' हे चार शब्द लिहायला मला सहा महिने लागले. जवळच्या मैत्रिणींना कळलं होतं, त्या जीव तोडून मदत करत होत्या, पण त्यांना ज्या तीन संस्था माहीत होत्या त्याच मलाही माहीत होत्या. शेवटी एका रात्री एका जुन्या प्रशिक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं. दिवसभर कुणी काही बोललं नाही; मेले गुड मॉर्निंगची फुलं तेवढी पाठवत राहिले. तिसऱ्या दिवशी जिचा फोन आला ती बाई मला २०११ साली लातूरला तीन दिवस भेटली होती. मला तिचा चेहराही नीट आठवत नव्हता. तिनं सांगितलेल्या ठिकाणी मी आज काम करते आहे.

माझ्या एकटीच्या अनुभवावर विसंबू नका. २०२२ साली लिंक्डइन या कामधंद्याच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळावरच्या दोन कोटी लोकांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. नोकरीपर्यंत पोचवणारी ओळख फार जवळची नव्हती, अगदी अनोळखीही नव्हती, मधली होती, असं त्यात दिसलं. (हा प्रयोग आपल्यावर चालू आहे हे त्या दोन कोटींना ठाऊक नव्हतं, हेही जाता जाता ऐकून ठेवा. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत ही अशी.) त्याच अभ्यासात असंही निघालं, की ज्या धंद्यात संगणकाचा वापर कमी, तिथे जवळचीच ओळख जास्त कामाला येते. तेव्हा घरकाम, स्वयंपाक, रुग्णांची शुश्रूषा, शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी लिंक्डइनवर खातं नाही म्हणून हळहळू नये. तुमचा बाजार वस्तीतल्या आणि सोसायटीतल्या ग्रुपवर आहे. अकाउंट्स, नर्सिंग, शिक्षण, संगणक यांतल्या बायकांनी मात्र तिथे असायलाच हवं.

आता कामाच्या गोष्टी. पहिली गोष्ट नाव. वर्गातली मैत्रीण तुम्हाला फेसबुकवर शोधते ती माहेरच्या नावानं, आणि तुम्ही तिथे असता सासरच्या नावानं, वर फोटो मुलाचा किंवा गणपतीचा. तिला तुम्ही सापडणार कशा? दोन्ही नावं लिहा. चेहऱ्याचा फोटो लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा, घरच्यांनी नव्हे. दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद आजच शोधून ठेवा. नोकरी हातात आल्यावर त्या कागदासाठी धावपळ करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट फोन, आणि इथे मी थोडी थांबणार आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं, की आपण स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. त्यानंतर आकडे वाढले असतील, पण 'स्वतः वापरतो' म्हणजे काय ते आपल्या घरात बघा. सिम नवऱ्याच्या नावावर. रिचार्ज तो करतो. नोकरीच्या संकेतस्थळावर नाव घालताना नंबर त्याचा दिला, कारण तो 'घरचा नंबर'. मग ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो कामावरून येईपर्यंत आपण थांबायचं. मुलाखतीचा फोन येतो तोही तोच उचलतो. आपल्या एका मैत्रिणीला अकाउंटंटच्या जागेसाठी फोन आला तेव्हा नवऱ्यानं सांगितलं, 'तिला सध्या जमणार नाही.' त्याच्या मनात वाईट नव्हतं, असं ती स्वतःच मला सांगत होती. मुलाची परीक्षा होती. तिला ही गोष्ट तीन आठवड्यांनी कळली. कुणी तिला मारलं नाही, कोंडलं नाही. एका वाक्यात नोकरी गेली, आणि ती ज्या माणसाला नाकारली होती ते माणूस घरातच भाकरी थापत होतं.

म्हणून माझं सांगणं, सिम आपल्या नावावर, ईमेलचा पत्ता आपला आणि त्याचा पासवर्ड आपल्यापाशी. प्रेमाची परीक्षा म्हणून पासवर्ड मागणारे असतात, नवरेही असतात आणि मुलगेही असतात. त्यावर घरात वाद होईल. तो नोकरी लागल्यावर व्हायचाच आहे, आधी झालेला बरा.

तिसरी गोष्ट, लिहायचं काय? बहुतेकजणी लिहितात, 'कुठेही, कसलंही काम चालेल.' मैत्रिणींनो, हे वाचून कुणाच्याच डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. आपल्याकडच्या एका औषधनिर्माण शिकलेल्या मैत्रिणीनं लिहिलेला मजकूर तिच्या परवानगीनं वाचते. 'मी डी.फार्म. केलं आहे. सहा वर्षं औषधाच्या दुकानात काम केलं, नंतर नऊ वर्षं घरी होते. माझी नोंदणी चालू आहे. कोथरूड ते वारजे या भागात सकाळी नऊ ते चार काम हवं आहे. तुमच्या माहितीत कुणी असेल तर फक्त त्यांचा नंबर द्या, मी स्वतः बोलेन.' शेवटचं वाक्य बघा. नोकरी द्या म्हटलं की समोरचा माणूस बिचकतो. नंबर द्या म्हटलं की देतो. तिनं हे कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं, आणि जिथून काम आलं तो तिच्या मागच्या वर्गातला मुलगा होता, ज्याच्याशी ती तेव्हा एकदाही बोलली नव्हती.

'नऊ वर्षं घरी होते' हे तिनं लपवलं नाही हे मला आवडलं. हल्ली काही शिबिरांत शिकवतात, की घरी होतात असं लिहू नका, 'गृहव्यवस्थापक' लिहा. मला ते पटत नाही. घरकामाला मोल आहे हे आपण इतकी वर्षं ओरडून सांगतो आहोत, त्याला इंग्रजी कोट चढवायची गरज नाही. पण त्या वर्षांत बचत गटाचे हिशेब ठेवले असतील, सासऱ्यांच्या दवाखान्याचे विम्याचे दावे भरले असतील, शिकवण्या घेतल्या असतील तर ते अवश्य लिहा. ते काम होतं. पैसे मिळाले नाहीत एवढंच.

मुलाखतीत मुलं किती, अजून होणार का, सासू सांभाळते का, हे विचारणारच. भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करू नये हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आलं आहे. कायदा तोंडावर फेकून नोकरी मिळत नाही हे मला कळतं. तरी आपल्याला जे विचारलं जातं ते गैर आहे एवढं तरी मनाशी माहीत असावं, म्हणजे घरी येऊन आपण स्वतःला दोष देत नाही.

आणि आडनाव. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्टवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावांच्या मानानं दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता कमी आणि मुस्लिम नावाला आणखी कमी आढळली. तेव्हा अर्ज टपालानं जात होते. आता आडनावासोबत फोटो, गाव, मित्र, सण, कुणाच्या जयंतीला काय लिहिलं, सगळं एका बोटावर दिसतं. 'नेटवर सगळे सारखे' असं कुणी म्हणालं तर तिला हे सांगा.

यंत्रही आपल्या बाजूचं आहे असं समजू नका. अ‍ॅमेझॉननं अर्ज छाननारं एक यंत्र बनवून पाहिलं होतं. आधी आलेल्या अर्जांत पुरुष जास्त होते, त्यावरून ते शिकलं आणि ज्या अर्जात 'महिलांचा' असा शब्द येईल त्याला खाली ढकलू लागलं. कंपनीनं ते सोडून दिलं, ही बातमी २०१८ साली फुटली. अमेरिकेत फेसबुकवर नोकरीची जाहिरात पुरुषांनाच दाखवा अशी सोय होती. खटले झाल्यावर २०१९ साली समझोत्यात ती तिथे काढावी लागली. आपल्याला न दिसलेल्या जाहिरातीबद्दल आपण तक्रार तरी कशी करणार? म्हणून नुसतं पडद्याकडे बघत बसू नका, माणसाला विचारा.

आता फसवणूक. याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण गेल्या वर्षभरात आपल्या केंद्रावर आलेल्या बायकांत एकही आठवडा असा गेला नाही.

एक मैत्रीण आली. बचत गटाची खजिनदार. तिला संदेश आला, घरबसल्या काम, व्हिडिओला पसंती द्यायची, एकाचे पन्नास रुपये. तीन व्हिडिओ बघितले, दीडशे रुपये खरोखर खात्यात आले. इथे लक्ष द्या, पैसे खरोखर आले. मग तिला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपात घेतलं. तिथे शंभरएक बायका, रोज कुणी ना कुणी 'मला आज अठ्ठावीसशे मिळाले' म्हणून आनंद कळवणारी. त्या बायका खऱ्या नव्हत्याच. मग 'मोठं काम', त्यासाठी आधी हजार भरा, तेराशे परत. तेही आले. मग पाच हजार. मग सांगितलं, तुमची एक चूक झाली, खातं गोठलं, सोडवायला बारा हजार. चूक आपलीच, हे बाईला पटवायला फार कष्ट पडत नाहीत. शेवटी त्रेचाळीस हजार गेले, आणि त्यांतले सव्वीस गटाचे.

२०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं असल्या अर्धवेळ कामाच्या नावाखाली चालणाऱ्या शंभराहून अधिक साइट बंद केल्या. एक बंद झाली की दुसरी उघडते. आपल्यापाशी ओळखायची खूण एकच. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणीचे, गणवेशाचे, प्रशिक्षणाचे, लॅपटॉपच्या अनामतीचे, परत मिळणारे, न मिळणारे, कसलेही. मागितले की तिथेच थांबा. आणि गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. लगेच म्हणजे रडून झाल्यावर नव्हे, आधी. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, पुढे ते दहा खात्यांतून निघून गेलेले असतात.

ती मैत्रीण आमच्याकडे आली नवव्या दिवशी. मी विचारलं, इतके दिवस का थांबलीस? पैशांची भीती वाटली असेल, गटाच्या बायका काय म्हणतील असं वाटलं असेल, असा माझा अंदाज. ती म्हणाली, 'ताई, घरी कळलं असतं तर फोन काढून घेतला असता.' पैसे ती शिवणकाम करून फेडणार होती. तो फोन मात्र तिला भांडून मिळाला होता आणि त्याच फोनवर तिला शिवणाची गिऱ्हाइकंही येत होती. फसवणाऱ्यांना हे माहीत असतं. बाई गप्प बसेल या भरवशावर हा धंदा उभा आहे. गटानं नंतर काय केलं सांगते. बैठकीत दोघीतिघी खूप बोलल्या, एकीनं तर तिला चोर म्हटलं. पण शेवटी ठरलं, की पैसे तिनं दरमहा फेडायचे आणि ही गोष्ट कुणाच्याही घरी जाणार नाही. आजवर गेलेली नाही. फेड अजून चालू आहे.

दुसरा त्रास तुम्हाला ठाऊकच आहे. 'काम हवं आहे' असं लिहिलं की पहिले तीन संदेश कामाचे नसतात. 'फोटो छान आहे', 'संध्याकाळी भेटून बोलू', 'माझ्या हातात आहे, तुम्ही किती सहकार्य करता त्यावर'. उत्तर देऊ नका, पण पुसूनही टाकू नका. पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि आपल्यातल्या एकीला पाठवून ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात पीडित स्त्री म्हणजे नोकरीत असलेली किंवा नसलेली, असे शब्द आहेत, आणि नोकरीत फायदा करून देण्याचं सूचक आश्वासन हेही त्यात धरलं आहे. मालकच तसा असेल किंवा तिथे दहाहून कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तीन महिन्यांच्या आत. मुलाखतीला कचेरीतच जायचं, कुठे जातो ते एकीला कळवून जायचं, आणि पत्ता हॉटेलचा असेल तर जायचं नाही. यात भित्रेपणा नाही.

एक शेवटचं, आणि यावर आपल्यात एकमत नाही. गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर भांडण झालं. एकीनं एका घरच्या स्वयंपाकाचं काम टाकलं, तीन तास, महिना पाच हजार. दुसरी म्हणाली, ही मजुरी नाही, हे पुढे पाठवू नका. तिसरी म्हणाली, मला आज पाच हजारसुद्धा हवे आहेत, तू कोण अडवणारी? दोघीही बरोबर होत्या आणि मला उत्तर सुचलं नाही. पण मालकांकडे बघा. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा आपसात दर ठरतो, कोण बाई किती मागते, कुणी सुट्ट्या जास्त घेतल्या, सगळं लिहिलं जातं. काही सोसायट्यांच्या फाटकावरच्या अ‍ॅपमध्ये कामाच्या बाईची येण्याजाण्याची वेळ नोंदवतात, तिला तारेसुद्धा देतात. बाईनं मालकिणीला तारे द्यायची सोय मी अजून पाहिली नाही. त्यांनी जर ओळख अशी वापरली, तर आपण आपल्या ग्रुपवर कामाबरोबर मजुरी, तास आणि त्या घराचा अनुभव लिहायला काय हरकत आहे? २०२१ च्या ऑक्टोबरात गुरुग्राममध्ये अ‍ॅपवरून घरोघरी जाणाऱ्या ब्युटिशियन बायका कापून घेतल्या जाणाऱ्या दलालीविरुद्ध कंपनीच्या दारात बसल्या. एका कचेरीत त्या कधी एकत्र काम करत नव्हत्या. फोनवरच एकमेकींना सापडल्या होत्या.

म्हणून ग्रुपसाठी मी तीन सूचना मांडते, दुपारी चर्चा करा. मजुरी लिहिल्याशिवाय काम टाकायचं नाही. ग्रुपची व्यवस्था पाहणारी दर तीन महिन्यांनी बदलायची, म्हणजे नायकीण तयार होणार नाही. आणि प्रत्येकीनं आपल्या वस्तीबाहेरच्या, आपल्या नात्याबाहेरच्या एका बाईला आत आणायचं. तिसऱ्या सूचनेला आताच मागून कुणीतरी 'म्हणजे कुणालाही?' असं विचारलं. हो, कुणालाही.

आता जेवण आहे. दुपारच्या सत्रात प्रत्येकीनं एकाच माणसाला संदेश लिहायचा आहे, ज्याच्याशी पाच वर्षांत बोलणं झालं नाही अशा. कुणाला लिहायचं ते जेवताना ठरवा. या खोलीत चार्जिंगचे पॉइंट तीनच आहेत, ज्यांची बॅटरी कमी आहे त्यांनी आधी लावा. आणि सिम आपल्या नावावर करून घ्यायचे अर्ज नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत. आधार कार्ड आणलं असेल त्यांनी भात वाढेपर्यंत तिकडे जाऊन या.